मराठी मजकूर आणि मार्कडाउन : आकाशदर्शनाच्या लेखांच्या स्थलांतराच्या प्रकल्प नोंदी

४ मे

आकाशदर्शनाविषयीच्या आमच्या संकेतस्थळावरील सर्व जुने लेख नव्या मांडणीत आणण्याचे काम आजपासून हाती घेतले. गेली अनेक वर्षे हे लेख वर्ड प्रोसेसरमधून उचलून थेट पानावर चिकटवले जात होते आणि प्रत्येक वेळी मजकुराबरोबर फाँटची नावे, रंग, आकार आणि ओळींमधील अंतर हे सारे एचटीएमएलच्या टॅगमध्ये गुंडाळलेले आत येत होते. नमुन्यादाखल शनीवरील लेखाचा एक परिच्छेद उघडून पाहिला. वाचकाला त्यात तीन वाक्ये दिसतात. स्रोतात मात्र त्या तीन वाक्यांभोवती अकरा टॅग आहेत आणि त्यांपैकी एक तर शब्दाच्या मधोमध बसला आहे. आमच्या ज्येष्ठ संपादिकांना मागच्या महिन्यात याच परिच्छेदातील एक शब्द दुरुस्त करायचा होता. तो शोधण्यात त्यांचा अर्धा तास गेला, आणि शब्द बदलताना बंद करणारा एक टॅग चुकून खोडला गेल्यामुळे पुढचा सगळा लेख ठळक झाला. ज्यांना खगोलशास्त्र आणि मराठी या दोन्हींची उत्तम जाण आहे, त्यांना स्वतःच्याच लेखात हात घालायची भीती वाटावी, हे मला फार खटकते. म्हणून या प्रकल्पाची कसोटी एकच ठेवली आहे : लेखाची मूळ फाइल लिहिणाऱ्याला सरळ वाचता आली पाहिजे.

७ मे

कोणती खूणभाषा घ्यायची याचा आज निर्णय केला. हलक्याफुलक्या चिन्हांनी मजकूर सजवण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिले विकी उभारले, तेव्हापासून विकींच्या खुणा रुळत गेल्या. डीन अ‍ॅलन यांची टेक्स्टाइल आणि स्टुअर्ट रॅकहॅम यांची अ‍ॅस्कीडॉक या दोन्ही २००२ सालच्या. तांत्रिक दस्तऐवज लिहिणाऱ्यांत डेव्हिड गुडजर यांच्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्टला मोठा मान आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मार्कडाउन आणले आणि त्याच्या रचनेत आरन स्वार्ट्झ यांचा हातभार होता. फुलीचे चिन्ह (#) देऊन शीर्षक लिहिण्याची रीत स्वार्ट्झ यांच्याच आधीच्या 'एटीएक्स' या खूणपद्धतीतून आली, तर शीर्षकाखाली रेघ ओढण्याची रीत त्याहून जुन्या 'सेटेक्स्ट'मधून.

अ‍ॅस्कीडॉक अधिक समर्थ आहे, हे मान्य करूनही मार्कडाउनच निवडले. तळटीपा, परस्परसंदर्भ, सूची असे सगळे अ‍ॅस्कीडॉकमध्ये पहिल्यापासून आहे. पण आमच्या लेखांना शीर्षके, ठळक शब्द, याद्या, दुवे आणि चित्रे यांपलीकडे क्वचितच काही लागते, आणि ज्यांनी लिहायचे त्यांना जितक्या कमी खुणा लक्षात ठेवाव्या लागतील तितके बरे. खुणांसह असलेला मजकूरसुद्धा आहे तसा वाचता यावा, हाच ग्रुबर यांचा मूळ आग्रह होता, आणि आमची कसोटीही तीच आहे.

मार्कडाउनची अडचण अशी की मूळ वर्णनात बऱ्याच गोष्टी मोघम राहिल्या होत्या आणि प्रत्येक रूपांतरकाने, म्हणजे खुणांचे एचटीएमएल करून देणाऱ्या कार्यक्रमाने, त्यांचा आपापल्या परीने अर्थ लावला. २०१४ साली जॉन मॅकफार्लेन, जेफ अ‍ॅटवुड आणि इतरांनी कॉमनमार्क हे काटेकोर विनिर्देशन पुढे आणले, त्यात सहाशेहून अधिक उदाहरणे नियमांसह दिलेली आहेत. रूपांतरक कॉमनमार्क पाळणाराच घ्यायचा, असे ठरले. उद्या रूपांतरक बदलावा लागला तरी लेख बदलावे लागू नयेत, हा त्यामागचा हेतू.

११ मे

पहिला लेख हातानेच उतरवला, कारण यंत्राकडे काम सोपवण्यापूर्वी खाचखळगे आपल्या डोळ्यांनी पाहिलेले बरे. लगेच एक खाच सापडली. आमचे जुने लेखक परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत सरकवून सुरू करतात, आणि त्यासाठी चार मोकळ्या जागा टाइप करतात. मार्कडाउनमध्ये चार मोकळ्या जागांनी सुरू होणारा परिच्छेद म्हणजे संगणकीय कोडचा तुकडा. त्यामुळे लेखाचा पहिलाच परिच्छेद राखाडी चौकटीत, एकाच लांब ओळीत, पानाच्या उजव्या कडेबाहेर गेलेला दिसला. ओळ आत सरकवण्याचे काम सीएसएसकडे, म्हणजे पानाचे दिसणे ठरवणाऱ्या नियमांकडे, दिले आणि फाइलमध्ये प्रत्येक परिच्छेद डावीकडून, मध्ये एक मोकळी ओळ सोडून, असा नियम केला.

संध्याकाळी ती फाइल संपादिकांना दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "हे मला वाचता येतंय. ही चांदणी ज्या शब्दाला आहे तो ठळक, एवढंच ना? मग यात मी हात घालीन." त्यांनी ताराचिन्हाला चांदणी म्हटले. लेखकांसाठी जे नियमांचे पान करायचे आहे, त्यातही तोच शब्द ठेवणार आहे.

१४ मे

ओळ कुठे तुटते याविषयी आज दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक म्हणजे, फाइलमध्ये नुसते एंटर दाबून पुढच्या ओळीवर गेले तर पानावर ओळ तुटत नाही, दोन्ही ओळी एकाच परिच्छेदात सलग लागतात. परिच्छेदाच्या दृष्टीने हे सोयीचे आहे. पण एका लेखाच्या आरंभी चार ओळींचे पद्य होते, त्याचे गद्य झाले. ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडणे हा यावरचा जुना उपाय आहे, पण तो मला पसंत नाही, कारण त्या जागा डोळ्यांना दिसत नाहीत आणि अनेक एडिटर फाइल जतन करताना त्या गुपचूप काढून टाकतात. कॉमनमार्कमध्ये ओळीच्या शेवटी उलटी तिरपी रेघ दिली तरी ओळ तुटते. ती दिसते, म्हणून तीच घेतली.

दुसरी गोष्ट अधिक फसवी. लेखाचा एक भाग संपला की खाली आडवी रेघ मारण्याची एका लेखकाची सवय होती, आणि ती त्यांनी तीन आडव्या चिन्हांनी, परिच्छेदाच्या लगेच खालच्या ओळीवर मारली होती. मध्ये मोकळी ओळ नसल्यामुळे रूपांतरकाने ती रेघ सेटेक्स्टच्या रीतीने वाचली, म्हणजे वरचा मजकूर हे दुसऱ्या स्तराचे शीर्षक आहे असे धरले. सात ओळींचा समारोपाचा परिच्छेद पानावर मोठ्या जाड अक्षरांत आला. रेघेच्या वर मोकळी ओळ हवीच, आणि शीर्षके फक्त फुली देऊनच लिहायची. शिवाय फुलीनंतर एक मोकळी जागा सोडायची, कारण कॉमनमार्कमध्ये ती नसेल तर शीर्षक होत नाही.

१८ मे

आज दिवसभर एकाच प्रश्नावर काम झाले, आणि तो प्रश्न मराठीचा आहे.

मंगळावरील लेखात लेखकाने ग्रहाचे नाव अवतरणात घालून ठळक केले होते आणि प्रत्यय बाहेर ठेवला होता. फाइलमध्ये ते असे उतरले : `**"मंगळ"**वर`. पानावर शब्द ठळक न होता चारही चांदण्या जशाच्या तशा दिसल्या. अवतरणचिन्हे काढून `**मंगळ**वर` असे लिहून पाहिले तर ठळक झाले. अवतरण ठेवून प्रत्ययापूर्वी जागा सोडली, तरीही झाले. म्हणजे अडचण अवतरण आणि प्रत्यय एकत्र येण्यात होती.

विनिर्देशन काळजीपूर्वक वाचल्यावर कारण कळले. चांदण्यांची जोडी उघडणारी आहे की बंद करणारी, हे रूपांतरक तिच्या दोन्ही बाजूंच्या वर्णांवरून ठरवतो. जोडीच्या आधी विरामचिन्ह असेल, तर ती बंद करणारी ठरण्यासाठी तिच्यानंतर मोकळी जागा किंवा दुसरे विरामचिन्ह यावे लागते. इंग्रजीत अवतरणानंतर शब्द संपतो आणि पुढे जागा येतेच, त्यामुळे हा नियम तिथे बहुधा अडत नाही. मराठीत मात्र नामानंतर ला, ने, चा, वर, मध्ये, साठी हे सारे जोडूनच लिहायचे असते. बंद होणाऱ्या चांदण्यांपूर्वी अवतरण आणि नंतर 'व' हे अक्षर आल्याबरोबर रूपांतरकाने ती जोडी उघडणारी मानली, आणि बंद करणारे काहीच उरले नाही. शब्दांमध्ये जागा न सोडणाऱ्या चिनी आणि जपानी मजकुरातही हीच अडचण येते. कंसाचेही असेच होते : `**(लघुग्रह)**च्या` हेही फसते.

अधोरेषेची गोष्ट आणखी कडक आहे. जोर देण्यासाठी चांदणीऐवजी अधोरेषा वापरता येते, पण शब्दाच्या आत अधोरेषेला जोर मानायचे नाही, असा कॉमनमार्कचा नियम आहे. फाइलींच्या नावांत येणाऱ्या अधोरेषांनी अर्धा शब्द तिरका होऊ नये, म्हणून तो योग्यही आहे. पण त्यामुळे `_शनी_च्या` असे लिहिले की प्रत्ययामुळे खूण शब्दाच्या आत पडते आणि काहीच घडत नाही. अधोरेषा आमच्या नियमांतून पूर्णपणे वगळली.

प्रत्ययापूर्वी जागा सोडणे हा सोपा उपाय सुचवला गेला, तो मी स्वीकारला नाही. रूपांतरकाच्या सोयीसाठी 'मंगळ वर' असे लिहायला लावणे म्हणजे खुणांसाठी भाषा मोडणे. त्याऐवजी संपूर्ण रूपच खुणेच्या आत घ्यायचे ठरले : `**मंगळावर**`, आणि अवतरण हवेच असेल तर `**"मंगळा"वर**`. व्याकरणाच्या दृष्टीनेही हेच बरोबर वाटते, कारण मराठीत सामान्यरूप आणि प्रत्यय मिळून एकच पद होते, आणि जोर द्यायचा तो पदावर.

१९ मे

कालच्या नियमाला आज आणखी एक आधार मिळाला. एका ठिकाणी लेखकाने `**ग्रह**ाला` असे लिहिले होते. म्हणजे खूण 'ह' आणि त्याचा काना यांच्यामध्ये पडली. रूपांतरकाने तक्रार न करता शब्द ठळक केला, पण काना आपल्या अक्षरापासून तुटून टॅगच्या बाहेर राहिला आणि ब्राउझरने त्याच्या डावीकडे ठिपक्यांचे वर्तुळ काढून दाखवले. असे आठ शब्द सापडले. अक्षर आणि मात्रा यांच्यामध्ये कोणतीही खूण आली तर फाइल नाकारणारी तपासणी लिहिली आहे.

२२ मे

आज अंकांचे काम केले. दुर्बीण उभी करण्याच्या कृतीत पाच पायऱ्या होत्या आणि त्यांना १., २., ३. असे देवनागरी क्रमांक होते. त्यांची यादी झालीच नाही. पाचही पायऱ्या एका परिच्छेदात सलग लागल्या. कॉमनमार्कमध्ये क्रमांकित यादीची खूण म्हणजे इंग्रजी अंक आणि त्यापुढे पूर्णविराम किंवा बंद कंस; देवनागरी अंक त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे फाइलमध्ये इंग्रजी अंक आणि पानावर देवनागरी, अशी विभागणी केली. सीएसएसमध्ये याद्यांच्या क्रमांकांसाठी देवनागरी हा पर्याय तयारच असल्यामुळे एका ओळीत हे काम झाले.

पण याच नियमाची उलट बाजू दुपारी समोर आली, आणि ती गंभीर आहे. ग्रहांच्या शोधाचा कालक्रम देणाऱ्या लेखात प्रत्येक परिच्छेद सालाने सुरू होत होता, सालानंतर पूर्णविराम होता आणि अंक इंग्रजी होते. युरेनसचा शोध १७८१, नेपच्यूनचा १८४६, प्लुटोचा १९३० असा तो क्रम. रूपांतरकाने प्रत्येक साल यादीचा क्रमांक मानले. यादीचा आरंभ पहिल्या क्रमांकापासून धरायचा आणि पुढचे क्रमांक स्वतः मोजायचे, अशी रीत असल्यामुळे पानावर युरेनससमोर १७८१, नेपच्यूनसमोर १७८२ आणि प्लुटोसमोर १७८३ असे आले. मांडणी अत्यंत नीटनेटकी दिसत होती. मोडलेले पान लगेच लक्षात येते. इथे मात्र सुबक पानावर चुकीची साले छापली गेली होती, आणि शाळकरी वाचकाने ती खरी मानून वहीत उतरवली असती. सालानंतरच्या पूर्णविरामापूर्वी उलटी तिरपी रेघ दिली की ती यादी होत नाही. पण लेखकाच्या स्मरणावर विसंबण्यापेक्षा वाक्यच 'सन १७८१ मध्ये' असे सुरू करावे आणि लेखातील साले देवनागरी अंकांतच लिहावीत, असा नियम केला. तीन किंवा अधिक आकडी क्रमांकाने सुरू होणारी यादी दिसली की तपासणी थांबते.

२६ मे

उरलेले लेख यंत्राने उतरवण्यासाठी लिहिलेल्या सफाईच्या कार्यक्रमात माझ्याकडून मोठी चूक झाली, ती इथे सविस्तर नोंदवतो. वर्ड प्रोसेसरमधून आलेल्या मजकुरात न दिसणारे वर्ण पुष्कळ होते, त्यामुळे शोध लागत नव्हता आणि दुवे तुटत होते. ते सगळे काढून टाकण्याचा आदेश मी दिला. त्यात शून्य रुंदीचा जोडवर्णही गेला.

मराठीतील अर्धा 'र' दोन रूपांत लिहिला जातो : 'सूर्य' या शब्दातील रफार आणि 'दुसऱ्या' या शब्दातील आडवा र. जुन्या फाइलींत हा आडवा र बनवण्यासाठी र, हलन्त आणि तो अदृश्य जोडवर्ण असे तीन वर्ण वापरलेले होते. जोडवर्ण काढल्याबरोबर उरलेल्या दोन वर्णांचा रफार झाला. 'दुसऱ्या' सगळीकडे 'दुसर्या' झाले, 'ताऱ्यांचे' 'तार्यांचे' झाले. मंगळाच्या लेखात व्हॅलेस मरिनेरिस या चार हजार किलोमीटरहून लांब दरीव्यवस्थेचे वर्णन आहे. तिथे 'मंगळावरील दऱ्या' या शीर्षकाचे 'मंगळावरील दर्या' झाले, म्हणजे मंगळावर समुद्र असल्याचे विधान झाले.

सर्व फाइलींचा इतिहास गिटमध्ये असल्यामुळे मागे जाता आले. सुधारित क्रम असा : आधी जुन्या पद्धतीचा आडवा र शोधून त्याच्या जागी युनिकोडमधील खालच्या टिंबाचा 'ऱ' आणि हलन्त घालायचा, आणि त्यानंतरच बाकीची सफाई. तीही सरसकट न करता, काढायचे वर्ण नावानिशी ठरवून.

३० मे

दुव्यांसाठी मार्कडाउनमधील दुसरी रीत निवडली, म्हणजे मजकुरात चौकोनी कंसात नाव आणि प्रत्यक्ष पत्ता फाइलच्या तळाशी. देवनागरी पत्ता कॉपी केला की त्यातील प्रत्येक वर्णाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासह तीन अक्षरे होतात. 'शनी' एवढ्या शब्दाला सत्तावीस अक्षरे लागतात. असे पत्ते वाक्याच्या मध्ये आले तर वाचनीयता उरत नाही.

शीर्षकांवरून आपोआप तयार होणारे अंतर्गत पत्तेही तपासले. शीर्षकातील अक्षरे ठेवून बाकीचे काढायचे, असा रूपांतरकाच्या विस्ताराचा (एक्स्टेन्शनचा) नियम होता. युनिकोडच्या वर्गीकरणात मात्रा आणि हलन्त ही अक्षरे नसून जोडचिन्हे आहेत, त्यामुळे ती गाळली गेली आणि 'शनीच्या कड्या' याचे 'शनचय-कडय' झाले. 'तारा' आणि 'तारे' या दोन्ही शीर्षकांचे 'तर' झाले. आता प्रत्येक शीर्षकाचा पत्ता आम्ही स्वतः लिहून देतो. ही सोय कॉमनमार्कमध्ये नाही, विस्तारातून घ्यावी लागली. नियमाबाहेर जाण्याचा हा पहिलाच अपवाद केला आहे.

२ जून

तक्ते उभ्या रेघांनी लिहिता येतात, तेही विस्तारातूनच. मूळ मार्कडाउनमध्ये ते नव्हते. इंग्रजीत समान रुंदीच्या फाँटमुळे असे तक्ते फाइलमध्येही सरळ दिसतात, देवनागरीत जोडाक्षरे आणि मात्रांमुळे रेघा जुळत नाहीत. चार स्तंभांपर्यंतचे तक्ते तसेच ठेवले. ग्रहांच्या मोजमापांचे दोन मोठे तक्ते वेगळ्या फाइलीत ठेवून पान तयार होताना आत घ्यायचे ठरले.

५ जून

एका चांदणीने दिलेला जोर ब्राउझर तिरक्या अक्षरांत दाखवतो. आमच्या फाँटमध्ये तिरकी अक्षरे घडवलेलीच नाहीत, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरे ओढून तिरकी करतो. शिरोरेषा आडवीच राहते, उभे दंड मात्र कलंडतात आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जातात. अधोरेखन करून पाहिले, तर रेघ उकारांना कापते. अक्षरांमध्ये अंतर वाढवले तर शिरोरेषाच तुटते. अखेर एका चांदणीसाठी मध्यम जाडी आणि दोन चांदण्यांसाठी पूर्ण जाडी ठेवली. चांदणीचा अर्थ 'इथे जोर आहे' एवढाच असतो आणि तो कसा दिसावा हे लिपीप्रमाणे ठरवता येते, या सोयीचे मोल आज खऱ्या अर्थाने कळले.

९ जून

मार्कडाउनमध्ये एचटीएमएलचे टॅग जसेच्या तसे लिहिता येतात. आमच्या लेखकांना त्यांची गरज नाही, आणि बाहेरून आलेल्या लेखात कोणी घातक स्क्रिप्ट लपवू शकतो, म्हणून ही वाट बंद केली. शिवाय रूपांतर झाल्यानंतर तयार झालेले एचटीएमएल पुन्हा एकदा गाळून घेतले जाते, कारण घातक पत्ता साध्या दुव्यातूनही येऊ शकतो.

१२ जून

लेखकांसाठी नियमांचे पान पूर्ण झाले. ते एका पानात मावले. आतापर्यंत सापडलेल्या प्रत्येक अडचणीची एकेक ओळ घेऊन एक चाचणी फाइल केली आहे. रूपांतरकाची नवी आवृत्ती आली की आधी ती फाइल चालवायची आणि मगच लेख.

दुपारी ज्येष्ठ संपादिकांनी मंगळाचा लेख स्वतः उघडला. चित्राखालच्या ओळीत मुळातच चुकीचे टाइप झालेले एक 'दर्या' माझ्या तपासणीतून निसटले होते, ते त्यांना दिसले. त्यांनी तो शब्द बदलला, फाइल जतन केली आणि पान पुन्हा पाहिले. बदलांच्या यादीत एकच ओळ होती : जुन्या ओळीत 'दर्या', नव्या ओळीत 'दऱ्या'.